दुइलिओच्या चाकामागं

एर्मेसनं खांद्यावरची सायकलची फ्रेम उतरवून निवेसच्या टेबलावर ठेवली आणि डोक्यावरची टोपी काढायच्या आधीच सांगून टाकलं,

"अशीच पाहिजे. हुबेहूब. केसभरही फरक नको."

निवेसनं वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवला आणि हात पुसले. फ्रेम तिच्या ओळखीची होती. ती शाळेत जात होती तेव्हा तिच्या बापानं, सेवेरिनोनं, याच टेबलावर ती बनवली होती. निळी, सांध्यांवर पितळेचं बारीक काम केलेली. आता कारखाना निवेस चालवते आणि सेवेरिनो शेगडीपाशी खुर्ची टाकून बसतो. चौऱ्याऐंशी वय झालं. ऐकू येत नाही असं सगळ्यांना सांगतो आणि एक शब्द सोडत नाही.

"झालं काय हिला?" निवेसनं विचारलं.

"गंजली. माणसं गंजतात, ही तर नुसती नळी."

निवेसनं फ्रेम जवळ ओढली. तिनं हँडलखालच्या सांध्यावर अंगठा टेकवला आणि तिथून खालच्या नळीवर सावकाश फिरवत नेला. थोडं पुढं गेल्यावर अंगठा अडला. तिथं रंग चुरगळला होता आणि पोलादाला घडी पडली होती, नेसून बसलेल्या कपड्याला पडते तशी.

"एर्मेसकाका, गंज आतून खातो. ही घडी समोरून दणका बसल्याशिवाय पडत नाही. पुढच्या चाकाचा चिमटासुद्धा मागं गेलाय बघा. कशावर आपटलात?"

"कशावरच नाही."

"भिंतीवर?"

"तू फ्रेमा बनवतेस की पोलिसात आहेस?"

"अगं, नको विचारूस," शेगडीपाशी बसल्या बसल्या सेवेरिनो म्हणाला. "शाळेची बस चालवली एवढी वर्षं, एक ओरखडा येऊ दिला नाही. आता म्हातारपणी आपटलो असं कुठल्या तोंडानं सांगेल?"

एर्मेसनं टोपी काढली, पुन्हा घातली. सप्टेंबरात त्याचा सायकलचा जोडीदार दुइलिओ देवाघरी गेल्यापासून त्याला सायकलवर कुणी पाहिलं नव्हतं. आमच्या डोंगरपायथ्याच्या गावांत रविवारी प्रार्थना चुकली तर पाद्री समजून घेतो, पण रविवारची सायकल चुकली की लोक दारात येऊन विचारतात, बरं नाही का म्हणून. एर्मेसला चौकातल्या बारमध्ये सगळे विचारत होते आणि तो सगळ्यांना एकच सांगत होता, फ्रेम गेली. जणू फ्रेमच गेली होती.

"हिच्या दोन्ही नळ्या गेल्या, चिमटा गेला," निवेस म्हणाली. "दुरुस्त करण्यात अर्थ नाही, नवीच करू. पण हुबेहूब व्हायची नाही काका. हे पोलाद आता येत नाही. नवं येतं ते पत्र्याला पातळ, घेराला मोठं. हलकं असतं, ताठ असतं, आणि खडबडीत रस्त्यावर याच्यापेक्षा मऊ चालतं."

"कार्बनच्या नळ्या घालशील तू मला न सांगता."

"माझ्या दारात त्याचं नाव काढू नका. मी पोलादवाली. पण पोलाद आजचं. टायर जरा रुंद बसवू, ब्रेक डिस्कचे."

"डिस्क! मोटारसायकल आहे का ती?"

"पावसात उतारावर थांबता येतं."

"मी उतारावर थांबत नाही."

"दुइलिओ थांबला की हा थांबायचा," सेवेरिनो म्हणाला.

एर्मेसनं शेगडीकडं बघितलंच नाही. त्यानं पिशवीतून सायकलचे बूट काढले, पायातले बूट दाराशी ठेवले आणि लेस बांधत बसला. बांधायला वेळ लागत होता.

"घे मापं. घ्यायचीच असतील तर घे."

कारखान्याच्या मधोमध मापाची सायकल होती. तिला चाकं नव्हती. लोखंडी खांबावर सीट, हँडल आणि पायडल एवढंच, आणि प्रत्येकाला वरखाली, मागंपुढं सरकवायचे स्क्रू. त्यावर बसून माणूस पाय मारतो, निवेस भोवती फिरत राहते, आणि शेवटी त्या माणसाची सायकल कशी असायला हवी ते तिला कळतं. एर्मेस बसला. निवेसनं सगळे स्क्रू जुन्या फ्रेमच्या मापावर लावले होते. तो पाय मारायला लागला तशी त्याची पाठ आपोआप वाकली, मान खाली गेली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याचा चेहरा सैल झाला.

"छान बसता तुम्ही," निवेस म्हणाली. "आता समोर बघा."

एर्मेसनं मान वर केली. समोर खिडकी होती, खिडकीतून रस्ता, रस्त्याच्या टोकाला घंटाघर. चार पायडल मारले आणि मान पुन्हा खाली आली.

"समोर, काका."

"बघतोय की."

"तुम्ही जमिनीकडं बघताय."

"मी बघतोय तिथंच बघायचं असतं."

निवेस त्याच्या शेजारी वाकली. त्याच्या डोळ्यांच्या रेषेत स्वतःचे डोळे आणले, मग पुढं जाऊन जमिनीवर जिथं त्याची नजर पडत होती तिथं खडूनं फुली मारली. ती उभी राहून फुलीकडं बघत राहिली. फुली मापाच्या सायकलच्या पुढं, हातभर अंतरावर होती. अर्धं आयुष्य सायकली बनवल्यावर तिथं काय असतं हे तिला कुणी सांगायला नको होतं.

सेवेरिनो काठी टेकत उठला, चार पावलं आला आणि काठीचं टोक फुलीवर ठेवलं.

"हे दुइलिओचं मागचं चाक."

एर्मेसचे पाय थांबले.

"तू तेव्हाही असाच बसला होतास," म्हातारा म्हणाला. "मी म्हटलं, मान वर घे रे, नाहीतर मला हँडल वर घ्यावं लागेल. तो लांबोडा इथं उभा, हँडलला टेकून, तोंडात केळं. मला म्हणाला, 'राहू दे सेवेरिनो, खालीच बसू दे त्याला. पुढचं बघायला मी आहे.' म्हणून मी हँडलखालची पुढची नळी आखूड कापली. त्या फ्रेमवर बसून पुढचं दिसतच नाही. मी ती एकट्या माणसासाठी केलीच नव्हती."

"बाबा," निवेस म्हणाली.

"का? खोटं बोललो का मी?"

एर्मेस सायकलवरून उतरला. त्याचा एक पाय पायडलात अडकला, त्यानं तो झटक्यानं सोडवला.

"मी फ्रेम मागायला आलोय. कबुलीजबाब द्यायला नाही. हुबेहूब करायची असेल तर कर, नाहीतर बास्सानो शहरात तुझ्यासारखे पुष्कळ आहेत."

तो तसाच बाहेर पडला. सायकलच्या बुटांना खाली पायडलात अडकवायची पट्टी असते, त्यानं चालताना टकटक आवाज होतो. तो आवाज चौकापर्यंत ऐकू येत राहिला. दाराशी त्याचे रोजचे बूट तसेच राहिले होते.

घरी फ्लाविया चुलीवर मक्याच्या पिठाची पोलेंता ढवळत होती. नवरा सायकलचे बूट घालून आणि फ्रेमशिवाय आला म्हणजे काय झालं असेल याचा अंदाज तिला होताच. तिनं लाकडी पळी त्याच्या हातात दिली.

"ढवळ. निवेसनं हाकललं?"

"तिच्या बापानं."

"बरं केलं. मीही हाकलणार होते."

तो ढवळत राहिला. पिवळं पीठ घट्ट होत होतं, मधूनच बुडबुडा फुटत होता.

"एर्मेस, तुला त्याची आठवण येते ते मला कळतं," फ्लाविया म्हणाली. "मलाही येते. पण रविवारी सकाळी तू सगळे कपडे घालतोस, गॅरेजमध्ये जातोस आणि स्टुलावर बसून राहतोस. परवा तर हेल्मेटसुद्धा घातलं होतंस. मला बघवत नाही ते. रड, नाहीतर मला शिव्या घाल, पण तसा बसू नकोस रे."

"फ्रेम मोडलीय म्हणून बसतो."

"कशी मोडली?"

यावर गंजली म्हणायचं त्याच्या अगदी तोंडात आलं होतं. ते त्यानं गिळलं.

"पुलाच्या अलीकडं," तो पळीकडं बघत म्हणाला. "ती गटाराची जाळी आहे ना, खाली गेलेली."

"ती? अरे, ती सगळ्या गावाला ठाऊक आहे! मी भाजीच्या पिशव्या लटकवून जाते ती तिला वळसा घालून जाते. एवढी वर्षं दर रविवारी जातोस ना तिथून?"

"जातो."

"मग?"

"मला ती दिसलीच नाही कधी."

फ्लाविया हसायला लागली होती, ती थांबली.

"त्याचा हात यायचा," एर्मेस म्हणाला. "हात कमरेमागं यायचा, पंजा डावीकडं हलायचा, की मी डावीकडं व्हायचो. मला वाटायचं, रस्ता तिथं जरा वळतो. आणि 'हो' म्हटल्याशिवाय तो हात परत घ्यायचा नाही. एकदा मी शिंकत होतो, 'हो' म्हणायला उशीर झाला, तर पूल संपेपर्यंत एका हातानं सायकल चालवत होता गाढव." पळी थांबली होती. "आठवडाभर चाळीस पोरं माझ्या मागं असायची, फ्लाविया. सगळं मीच बघायचं. सिग्नल, ट्रक, कुत्रं, खिडकीबाहेर काढलेला हात. रविवारी मला काहीच बघायचं नसायचं. त्याला मातीत पुरून आलो, पुढच्या रविवारी एकटा निघालो. मान खाली. आणि समोर चाकच नाही. नुसतं डांबर पळतंय खालून. पुलापर्यंत कसा पोचलो तेसुद्धा कळलं नाही."

"लागलं होतं?"

"गुडघा."

"आणि मला म्हणालास जिन्यावरून पडलो."

"त्याचं तोंड आठवत नाही मला," तो म्हणाला. "खरंच सांगतो. डोळे मिटले की त्याची पाठ दिसते. उजव्या गुडघ्यामागचा तीळ दिसतो, खिशातलं केळं दिसतं, सायकलचा हिरवा रंग दिसतो. तोंड आठवायला फोटो काढावा लागतो. इतकी वर्षं बरोबर होतो आणि मी बघितलं काय, तर त्याचं ढुंगण."

फ्लावियानं त्याच्या हातातली पळी काढून घेतली, कारण पोलेंता खाली लागायला आली होती. मग पाठमोरी राहूनच म्हणाली,

"त्याच्या बायकोनं त्याचं तोंड बघितलं. ती सांगत होती, रोज एकच तोंड बघून कंटाळा येतो. पाठ बरी."

एर्मेसला हसू आलं. हसता हसता मात्र त्याला ते आवरेना, आणि तो खरोखरच रडायला लागला. फ्लावियानं पोलेंता वाढायच्या फळीवर ओतली आणि गार होऊ दिली.

रविवारी सकाळी तो गॅरेजमध्ये गेला नाही. साधे कपडे घालून पायी पुलापर्यंत गेला. जाळी एका बाजूनं खचली होती आणि तिच्या कडेला डांबराला मोठा खड्डा होता. लांबूनच दिसत होता. मागून तीनचार सायकलवाले आले, त्यांतल्या पुढच्यानं हात दाखवला, सगळे वळसा घालून पुलावर चढले. त्यांतल्या एकानं ओरडून विचारलं, "काय एर्मेस, काय हरवलंय?" त्यानं हात हलवला. ते वळणाआड जाईपर्यंत तो त्यांच्याकडं बघत होता, आणि त्याला इतकं जावंसं वाटलं की तो दोन पावलं त्यांच्यामागं चालला. दुइलिओ हवा होता, ते तर होतंच. पण नुसतं जाणंही हवं होतं. तो वारा, ती सकाळ, चढ संपल्यावर दिसणारं खालचं मैदान. दुइलिओबरोबर हेही गेलं असं तो धरून चालला होता.

सोमवारी तो निवेसच्या दारात उभा राहिला.

"बूट राहिले होते."

"तिथंच आहेत. न्या."

त्यानं बूट उचलले. हातात घेऊन उभा राहिला. सेवेरिनो शेगडीपाशी डुलकी काढत होता, निदान डोळे तरी मिटलेले होते. जमिनीवरची खडूची फुली कुणी पुसली नव्हती.

"पुसली नाहीस?"

"वेळ झाला नाही," निवेस म्हणाली. ही बाई रोज संध्याकाळी अख्खा कारखाना झाडून मगच दार लावते.

एर्मेसनं बूट खाली ठेवले आणि मापाच्या सायकलवर चढून बसला.

"हँडल वर घे."

"किती?"

"खिडकी दिसेपर्यंत."

निवेसनं स्क्रू सैल केला आणि हँडल थोडं उचललं. तो पाय मारत होता. खिडकीची चौकट दिसायला लागली.

"अजून."

रस्ता दिसायला लागला. समोरच्या घरातली बाई गॅलरीत चादरी झटकत होती.

"अजून घे."

"यापेक्षा वर घेतलं तर वारा छातीवर येईल काका. पुढं असणाऱ्याला तो लागतोच. दमाल."

"दमू दे."

घंटाघर दिसलं तेव्हा तो "बास" म्हणाला. निवेसनं स्क्रू घट्ट केला आणि मापं लिहून घेतली. पुढची नळी जुन्या फ्रेमपेक्षा बरीच लांब झाली होती.

"ब्रेक?" तिनं विचारलं.

"घाल तुझे डिस्क. आता मला थांबायचं कुणी सांगणार नाही."

"टायर रुंद?"

"रुंद. खड्डे फार झालेत या गावात."

शेगडीपाशी मिटलेल्या डोळ्यांनीच म्हातारा हसला.

"आणि रंग? निळाच?"

"निळा."

निवेसला वाटलं होतं तो हिरवा मागेल. दुइलिओची हिरवी सायकल त्याचा मुलगा तोरीनो शहरात घेऊन गेला होता, हे तिला माहीत होतं, आणि तिला लावलेला हिरवा रंग तिच्या बापानं डब्यात अजून जपून ठेवला होता. तिनं निळा लिहून घेतला. एर्मेस दारापर्यंत गेला, बूट बदलले, आणि लेस बांधत खाली बघूनच म्हणाला,

"मागच्या चाकाला धरणाऱ्या नळ्या असतात ना, सीटखालच्या. तेवढ्या हिरव्या कर. त्याच्या होत्या तशा."

"चालवताना तुम्हाला त्या दिसणार नाहीत."

"माहीत आहे. मागच्याला दिसतात."

मागं कोण असणार, हे निवेसनं विचारलं नाही. ती डबा शोधायला आत गेली. एवढ्या वर्षांत त्याचं झाकण घट्ट बसलं होतं, ते उघडायला तिला हातोडी घ्यावी लागली.

फ्रेम एप्रिलच्या शेवटी तयार झाली. रविवारी एर्मेस नेहमीच्या वेळेला निघाला. फ्लाविया गाऊनवरच दारात आली होती. "वळणावर सांभाळ," एवढंच म्हणाली आणि तो गल्लीतून बाहेर पडेपर्यंत थांबली. सायकल खरोखरच मऊ चालत होती. एर्मेसला ते आवडलं, आणि आवडलं याचा थोडा रागही आला. मान वर होती. वारा सरळ छातीवर येत होता आणि डोळ्यांतून पाणी काढत होता. इतकी वर्षं दर रविवारी हा वारा दुइलिओनं खाल्ला होता, एकदाही न बोलता. चौक गेला, बंद बार गेला, पाववाल्याचं उघडं दार गेलं. द्राक्षांच्या मळ्यांपलीकडं डोंगर उभा होता. तो तिथं असा दिसतो हे एर्मेसला नव्यानंच कळत होतं.

पूल आला. जाळी त्याला लांबूनच दिसली.

तो डावीकडं झाला. डावा हात हँडलवरून सुटला, कमरेमागं गेला, पंजा उघडला आणि डावीकडं हलला. मागं घंटाघरापर्यंत रस्ता मोकळा होता. जाळी गेली, पुलाचा कठडा सुरू झाला, खालून पाण्याचा आवाज यायला लागला, तरी तो एका हातानंच सायकल चालवत होता.

पूल संपत आला तेव्हा त्यानं स्वतःच "हो" म्हटलं आणि हात हँडलवर घेतला.